टिकाव आणि शैली : खालिद जमील यांच्या फुटबॉलविषयी चाहत्यांनी दिलेल्या निवाड्याची समीक्षा

प्रस्तावना :

व्यावसायिक फुटबॉल संघाचा चाहता हंगामाच्या उत्तरार्धात दोन प्रश्न विचारीत असतो. आपला संघ कसा खेळतो, हा पहिला प्रश्न. आपला संघ पुढील वर्षी याच साखळीत असेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा संबंध शैलीशी आहे, तर दुसऱ्याचा टिकावाशी. या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरासाठी चाहता एकाच व्यक्तीकडे बोट दाखवितो. ती व्यक्ती म्हणजे संघाचा प्रशिक्षक होय. इंग्लंडमध्ये याच पदाला 'मॅनेजर' म्हणतात.

क्रीडाविषयक मराठी लेखनात सामन्यांची वृत्ते आणि खेळाडूंची चरित्रे पुष्कळ आढळतात. परंतु चाहता जो निवाडा देतो, त्याची तर्करचना तपासून पाहणारे लेखन अल्प आहे. चाहत्याचा निवाडा हीदेखील एक प्रकारची समीक्षाच असते. तिला निकष असतात, परंपरा असते आणि पूर्वग्रहही असतात. प्रस्तुत निबंधात खालिद जमील यांच्या मुंबई एफसीपासून भारतीय संघापर्यंतच्या कारकिर्दीच्या आधारे या निवाड्याचा विचार करावयाचा आहे. खेळातील बचावाची दाद देण्याची समृद्ध परंपरा मराठी क्रीडासंस्कृतीत असूनही फुटबॉलच्या बाबतीत ती वापरली गेली नाही, आणि त्यामुळे एका प्रशिक्षकाचे आणि एका संघाचे मूल्यमापन अपुरे राहिले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दोन निकष आणि त्यांचे नाते :

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची सविस्तर चर्चा केली आहे. एका भूमिकेनुसार कलाकृतीचे मूल्य जीवनाशी असलेल्या तिच्या संबंधावर ठरते, तर दुसरीनुसार ते तिच्या स्वायत्त रूपावर ठरते. कलेचा विचार या दोन ध्रुवांच्या दरम्यान होत असतो आणि त्यांपैकी एकाला पूर्णपणे नाकारता येत नाही, हे पाटणकरांच्या विवेचनातून स्पष्ट होते. खेळ ही कला नव्हे, हे मान्य करूनही ही मांडणी फुटबॉलच्या चाहत्याला लागू पडते. 'चेंडू सुंदर फिरला पाहिजे' असे म्हणणारा चाहता स्वायत्त रूपाचा निकष लावीत असतो. 'कसेही करा, पण खालच्या विभागात जाऊ नका' असे म्हणणारा लौकिक निकष लावतो. बहुतेक वेळा ही दोन माणसे नसून एकच माणूस असतो. संघ जिंकत असला की तो पहिली भूमिका घेतो आणि हरू लागला की दुसरी.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला ही द्विधा परकी नाही. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथील ब्रिटिशकालीन जलाशयाकडे पर्यटक पाहतो, तेव्हा त्याला टेकड्यांमधील निळे पाणी दिसते. धानाचा शेतकरी त्याच पाण्याकडे पाहतो, तेव्हा त्याला पाऊस दगा देईल त्या वर्षीची सोय दिसते. पाणी एकच आहे. परंतु बांधाचे मोल पर्यटकाच्या दृष्टीतून कधीच पूर्णपणे कळत नाही, कारण बांधाचे काम जे घडू नये ते घडू न देणे हे असते. फुटबॉलमधील बचावाचे मूल्यमापन नेमके याच कारणामुळे कठीण होते. गोल झाला की तो फलकावर नोंदला जातो. न झालेल्या गोलाची नोंद कोठेही होत नाही.

मुंबई एफसी : सात वर्षांचा टिकाव

मुंबई एफसीची स्थापना २००७ मध्ये झाली आणि डेव्हिड बूथ या इंग्लिश प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली हा संघ २००८ मध्ये आय-लीगच्या अव्वल विभागात आला. २००९ मध्ये संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. कुवेतमध्ये जन्मलेले जमील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया या मुंबईच्या संघांतून खेळलेले मधल्या फळीचे खेळाडू होते. दुखापतींमुळे त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द लवकर आटोपली आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते मुख्य प्रशिक्षक झाले. २०१६ पर्यंत, म्हणजे सलग सात वर्षे, ते या पदावर राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक हंगामागणिक बदलतात, हे लक्षात घेता हा काळ असाधारण होय.

या सात वर्षांत मुंबई एफसीने विजेतेपद मिळविले नाही. मात्र संघ एकदाही खालच्या विभागात गेला नाही. कोलकात्याचे दोन मोठे संघ, गोव्यातील धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर आणि पुढे बंगळुरू एफसी अशा अधिक सामर्थ्यवान प्रतिस्पर्ध्यांमध्ये मर्यादित खर्चाचा हा संघ तग धरून राहिला. त्याची पद्धत साधी होती. बचावफळी गोलजवळ ठेवावयाची, मधल्या फळीने जागा अडवावयाच्या, चेंडू मिळताच तो लांबवर आघाडीकडे पाठवावयाचा आणि एखाद्या फ्री किकवर वा कॉर्नरवर गोल साधावयाचा.

या पद्धतीवरील आक्षेप प्रामुख्याने तीन होते. हा खेळ पाहावयास कंटाळवाणा आहे, हा पहिला. बरोबरीवर समाधान मानण्याची वृत्ती संघाला पुढे जाऊ देणार नाही, हा दुसरा. आणि चेंडू हवेतून जात असल्यामुळे कौशल्य असलेल्या तरुण खेळाडूची वाढ खुंटते, हा तिसरा. यांपैकी तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. पहिल्या दोन आक्षेपांची भाषा मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. 'गोलापुढे बस उभी करणे' हा वाक्प्रयोग २००४ मध्ये जुझे मोरिन्यो यांनी टॉटनहॅम संघाला उद्देशून वापरला आणि दूरचित्रवाणीद्वारे तो जगभर पसरला. पुढे तोच आरोप मोरिन्यो यांच्यावरही वारंवार झाला. भारतातील चाहत्याने फुटबॉलच्या समीक्षेची शब्दावली मुख्यतः या इंग्लिश प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणातून घेतली. सामना कूपरेजवरचा, पण त्याला मोजण्याची पट्टी मात्र बार्सिलोना वा आर्सेनलच्या खेळावरून तयार झालेली, अशी ही स्थिती होती. ज्या संघाशी तुलना केली जाते त्याची साधने आणि आपल्या संघाची साधने यांतील अंतर या पट्टीवर दिसत नाही.

एकाच हंगामातील दोन निकाल :

२०१६ मध्ये मुंबई एफसी आणि जमील यांचे मार्ग वेगळे झाले. ते मिझोरममधील ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ २०१५-१६ च्या हंगामात खालच्या विभागात गेलेला होता. गोव्यातील संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा अव्वल विभागात स्थान मिळाले. म्हणजे ज्याचा टिकाव मैदानावर संपला होता, असा संघ एका टिकाव धरणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती आला. या संघाने १८ सामन्यांत ३७ गुण मिळविले. २२ एप्रिल २०१७ रोजी त्याने ऐझॉल येथे मोहन बागानला १-० असे हरविले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून त्याने एका गुणाच्या फरकाने आय-लीगचे विजेतेपद मिळविले. ईशान्य भारतातील संघाने मिळविलेले हे पहिलेच विजेतेपद होते. इंग्लंडमधील लेस्टर सिटीच्या २०१५-१६ मधील विजयाशी त्याची तुलना झाली ती यामुळेच.

त्याच हंगामात मुंबई एफसीने संतोष कश्यप यांच्याकडे आणि नंतर हंगामाच्या मध्यावर ऑस्कर ब्रुझोन या स्पॅनिश प्रशिक्षकाकडे सूत्रे दिली. संघ शेवटच्या स्थानावर राहिला, खालच्या विभागात गेला आणि त्यानंतर बंदच झाला.

या दोन निकालांवरून 'चाहते चुकले आणि प्रशिक्षक बरोबर होते' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो घाईचा ठरेल. ऐझॉलच्या संघात महमूद अल-अम्ना हा सीरियाचा कल्पक मध्यरक्षक होता. मुंबईहून जमील यांच्यासोबत गेलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांच्याभोवती मिझोरममधील वेगवान तरुण खेळाडू होते. चेंडू मिळताच लांब टोलविण्याऐवजी तो अम्नाकडे देण्याचा पर्याय या संघाजवळ होता. म्हणजे बचावाचा पाया तोच राहिला, पण त्यावरची बांधणी बदलली. जमील यांची शैली हा त्यांचा स्थायी स्वभाव नसून हाती असलेल्या साधनांना दिलेले उत्तर होते, असे या तुलनेतून दिसते. चाहत्यांनी मात्र तिला स्वभाव मानले. समीक्षेत लेखकाच्या साधनांचा विचार न करता केवळ त्याच्या वृत्तीवर बोट ठेवले जाते, तेव्हा होणारी चूक याच जातीची असते.

बचावाची दाद : मराठी परंपरा

टिकून राहणे ही दाद देण्याजोगी गोष्ट आहे, हे मराठी क्रीडारसिकाला कोणी शिकवावे लागत नाही. खो-खोमध्ये संरक्षण करणारा खेळाडू किती वेळ मैदानात टिकला, याची नोंद मिनिटे आणि सेकंदांत होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आक्रमकाने बाद केलेल्या गड्यांबरोबरच संरक्षकाची वेळही छापून येते. तो खेळाडू गुण मिळवीत नसतो. प्रतिपक्षाला गुण मिळू देत नसतो. तरीही त्याच्या प्रत्येक हुलकावणीला टाळी पडते. कबड्डीत तर पकडीला गुणच मिळतो. प्रो कबड्डीच्या नियमानुसार मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण आहे. दुबळ्या अवस्थेतील बचाव अधिक मोलाचा मानावा, हे येथे नियमानेच मान्य केले आहे.

क्रिकेटमध्येही हेच दिसते. मुंबईच्या फलंदाजीच्या संप्रदायाला 'खडूस' हे विशेषण लावले जाते आणि ते निंदेचे नसून गौरवाचे असते. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या यशात सहजासहजी बाद न होण्याच्या या वृत्तीचा वाटा सर्वमान्य आहे. विदर्भातील वाचकासाठी उदाहरण आणखी जवळचे आहे. मार्च २०२५ मध्ये जामठा येथे विदर्भाने केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राखला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीच्या बळावर रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. त्या अनिर्णित सामन्याला विदर्भात कोणी कंटाळवाणा म्हटले नाही.

मग फुटबॉलमध्येच बचाव कमीपणाचा का ठरतो? याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण नियमांचे आहे. खो-खोत वेळ मोजली जाते, कबड्डीत पकडीला गुण आहे, क्रिकेटमध्ये पहिल्या डावाच्या आघाडीला मोल आहे. फुटबॉलमध्ये बचावाला असे स्वतंत्र परिमाण नाही. दुसरे कारण भाषेचे आहे. खो-खो आणि कबड्डीच्या समीक्षेची शब्दावली मराठी मातीतून आली. हुलकावणी, पकड, साखळी, चढाई हे शब्द उच्चारताच त्यांमागील कौशल्य डोळ्यांसमोर येते. फुटबॉलमधील बचावाचे सूक्ष्म प्रकार दर्शविणारे असे शब्द रूढ झालेले नाहीत. प्रतिस्पर्ध्याला हळूहळू कडेच्या रेषेकडे रेटत नेणे किंवा दोन खेळाडूंमधील अंतर कायम राखून मार्ग बंद करणे यांना नेमके नाव नाही. ज्याला नाव नाही ते चाहत्याच्या नजरेतून निसटते. इटलीमध्ये नेमके उलट घडले. तेथे बचावाच्या पद्धतीला 'कातेनाच्चो' म्हणजे दाराचा अडसर असे नाव मिळाले. १९६४ आणि १९६५ मध्ये इंटर मिलानने एलेनियो हेरेरा यांच्या मार्गदर्शनाखाली युरोपियन चषक जिंकला, तेव्हा त्या पद्धतीवर टीकाही या नावानेच झाली आणि तिचे कौतुकही या नावानेच झाले. नाव असल्यामुळे चर्चा शक्य झाली.

निकषाची दुसरी बाजू :

टिकावाचा निकष स्वीकारला म्हणजे प्रशिक्षकाला अभय मिळते असे नव्हे. तो निकष दोन्ही बाजूंनी कापतो. जमील यांनी २०२०-२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन संघाला उपांत्य फेरीत नेले. पण पुढच्याच हंगामात तो संघ अकरा संघांत दहावा राहिला. २०२४-२५ मध्ये त्यांच्या जमशेदपूर एफसीने साखळीत पाचवे स्थान मिळवून उपांत्य फेरी गाठली. त्या हंगामातील २४ सामन्यांपैकी १२ जिंकले, १० हरले आणि केवळ २ बरोबरीत सुटले. बरोबरीवर समाधान मानणारा प्रशिक्षक, या प्रतिमेशी हे आकडे जुळत नाहीत. शिवाय त्या संघाने केलेल्या गोलांपेक्षा स्वीकारलेले गोल अधिक होते. म्हणजे निंदकांचा 'बचावात्मक' हा शब्द आणि समर्थकांचा 'भक्कम' हा शब्द, दोन्ही त्या हंगामाला पुरेसे लागू पडत नाहीत. एकदा चिकटलेले विशेषण पुढील प्रत्येक कृतीवर लादणे हा समीक्षेतील जुना दोष येथेही दिसून येतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. सॅव्हियो मेदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी हे पद भारतीय व्यक्तीकडे आले. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषकात ओमानला पेनल्टींवर हरवून भारताने तिसरे स्थान मिळविले, तेव्हा याच बचावाचे कौतुक झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली, तेव्हा त्याच बचावाला दोष दिला गेला. त्या पात्रता फेरीतील पहिले दोन सामने मानोलो मार्केझ यांच्या कारकिर्दीत झाले होते आणि त्यांत एकच गुण मिळाला होता, हे खरे आहे. तरीही घरच्या मैदानावर आघाडी घेऊनही ती टिकविता आली नाही, हे टिकावाच्या निकषावरचेच अपयश होय. ते मान्य केले पाहिजे. तरुण खेळाडूच्या वाढीविषयीचा आक्षेपही राष्ट्रीय संघाच्या संदर्भात अधिक धारदार होतो. मर्यादित खर्चाच्या संघाला खेळाडू घडविण्याची सवड नसते. राष्ट्राला ती काढावीच लागते.

टिकाव कोणाच्या हाती?

या विवेचनात एक प्रश्न शिल्लक राहतो. संघाचा टिकाव खरोखर प्रशिक्षकाच्या हाती असतो काय? महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर उत्तर नकारार्थी आहे. महिंद्र युनायटेड हा संघ राष्ट्रीय साखळीचा विजेता होता; तो २०१० मध्ये मालकांच्या निर्णयाने बंद झाला. पुणे एफसीने २०१५ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. पुण्याचाच भारत एफसी एका हंगामापुरता जगला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बंद पडला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला. यांपैकी एकाही संघाचा शेवट गुणतक्त्यामुळे झाला नाही. मुंबई एफसी मात्र खालच्या विभागात जाऊन संपला. आणि तोही खालच्या विभागातून परत येण्याचा प्रयत्न करू शकला असता. तसा प्रयत्न करावयाचा की नाही, हा निर्णय मैदानाबाहेर झाला.

याउलट इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत खालच्या विभागात जाण्याची तरतूदच अमलात आली नाही. नॉर्थईस्ट युनायटेड दहावा राहूनही पुढच्या हंगामात त्याच साखळीत खेळला. तेथे त्या काळात टिकाव मैदानावर पणाला लागला नाही. पण २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटला नाही, तेव्हा संपूर्ण साखळीच वेळेवर सुरू होऊ शकली नाही. चाहता प्रशिक्षकाच्या शैलीवर वाद घालीत असताना त्याच्या संघाचे भवितव्य अन्यत्र ठरत असते. त्याचा वाद व्यर्थ आहे असा याचा अर्थ नव्हे. कोणत्या गोष्टीचा जाब कोणाला विचारावयाचा, याचा विवेक त्या वादात हवा, एवढाच याचा अर्थ आहे.

निष्कर्ष :

१. चाहत्याचा निवाडा शैली आणि टिकाव या दोन निकषांवर उभा असतो. संघाच्या स्थितीनुसार तो एका निकषावरून दुसऱ्यावर जातो आणि हा बदल त्याच्या लक्षात येतोच असे नाही.

२. मुंबई एफसीच्या काळातील जमील यांची शैली ही उपलब्ध साधनांना दिलेले उत्तर होते. साधने वगळून केलेली शैलीची समीक्षा अपुरी ठरते.

३. बचावाची दाद देण्याची परंपरा खो-खो, कबड्डी आणि क्रिकेट यांच्या निमित्ताने मराठी समाजात दृढ आहे. फुटबॉलच्या समीक्षेने उसन्या शब्दावलीऐवजी या परंपरेचा आधार घेतल्यास निवाडा अधिक न्याय्य होईल.

४. टिकावाचा निकष प्रशिक्षकाचे समर्थन करतो तसाच त्याला दोषीही ठरवितो. मडगाव येथील पराभवाचे मूल्यमापन याच निकषावर झाले पाहिजे.

५. महाराष्ट्रातील फुटबॉल संघांचा टिकाव मुख्यतः मालकी आणि व्यवस्थापन यांवर अवलंबून राहिला आहे. प्रशिक्षकाला विचारला जाणारा जाब त्या दिशेनेही विचारला गेला पाहिजे. अन्यथा पुढील संघही तक्त्यात कितव्या स्थानावर आहे याचा विचार न होता बंद होत राहतील.